काकूंसाठी फ्लामेंको शोधताना

आई जानेवारीत गेली आणि मार्चमध्ये मी फ्लामेंको शोधायला लागले. हे असं एका वाक्यात लिहिलं की विचित्र वाटतं, पण झालं तसंच.

तेव्हा मी सिंगापूरला एमएस्सी करत होते. टॅम्पिनीसला एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेतली होती. काका बँकेत होते. काकू पुण्याच्या, वन-नॉर्थ भागातल्या एका आयटी कंपनीत मॅनेजर. त्यांची मुलगी प्रायमरी फोरमध्ये, म्हणजे चौथीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती इंग्रजीतून द्यायची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे त्या फ्लॅटमध्ये सुरुवातीचे काही महिने मी परीक्षेला बसल्यासारखी राहिले. कप कुठे ठेवायचा, पंखा किती वेळ चालू ठेवायचा, जेवताना किती बोलायचं, सगळं बघून बघून. काकूंच्या ते लक्षात आलं असावं. "अगं, हे हॉस्टेल नाही. फ्रिज उघडायला परवानगी लागत नाही," असं त्या मला अधूनमधून सांगायच्या.

जूनच्या सुट्टीत त्यांना स्पेनला जायचं होतं. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "सगळं बुकिंग झालंय, फक्त फ्लामेंको राहिलंय. आणि मला ते टुरिस्ट लोकांना दाखवतात ना, तसलं नकोय. ऑथेंटिक हवंय. तू रिसर्च करतेस ना? मग एवढा माझा रिसर्च कर."

माझा रिसर्च पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्यांचा होता. पण मी हो म्हणाले. त्या घरात मी कशालाच नाही म्हणत नव्हते. आता वाटतं, काकूंना स्वतःलाही ते सहज शोधता आलं असतं. गावाहून परत आल्यापासून मी लॅबमधून आले की दिवा न लावता कॉटवर बसून राहायचे, आणि त्यांना माझ्या हाताला काहीतरी काम द्यायचं होतं. ज्या दिवशी आई गेल्याचा भावाचा फोन आला त्या दिवशी तिकीट त्यांनीच काढलं होतं, बॅगही त्यांनीच भरली होती. परत आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. ताटात एक पोळी जास्त वाढायला लागल्या, एवढंच.

मी कामाला लागले. फ्लामेंको म्हणजे स्पेनचा एक नाच, लाल झालरीचा झगा आणि पायांची टापटाप, यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. लोकांनी इंटरनेटवर लिहिलेले प्रवासातले अनुभव मी वाचत गेले. ज्यांनी मनापासून लिहिलं होतं त्यांचं साधारण एकच म्हणणं होतं. जिथे खेळाबरोबर जेवण असतं तिथे जाऊ नका. जिथे माईक लावतात तिथे जाऊ नका. खोली लहान हवी, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतकी. हॉटेलच्या काउंटरवर विचारू नका, नाचणाऱ्यांना आणि गिटार वाजवणाऱ्यांनाच विचारा की ते स्वतः ऐकायला कुठे जातात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नाचाच्या आधी गाणं असतं. गाणं खरं नसेल तर नाच कितीही चांगला असला तरी तो नुसता व्यायाम.

आणि टाळ्या वाजवू नका, असंही बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. टाळ्यांचा ठेका हा त्यांच्यात एक वाद्यच असतो, तो ज्याला येतो त्यानंच धरायचा. बाकीच्यांनी फक्त मधूनमधून दाद म्हणून एखादा शब्द टाकायचा. कधी टाकायचा हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी व्हिडिओ बघायला लागले. एका व्हिडिओत एक म्हातारी बाई साध्या लाकडी खुर्चीवर बसली होती. अंगावर काळं स्वेटर, मागे भिंत, भिंतीवर काही नाही. तिनं एक हात मांडीवर ठेवला, दुसरा उघडा करून पुढे धरला, जणू त्यावर कुणी काही ठेवणार आहे, आणि तोंड उघडलं. मी हेडफोन लावले नव्हते. आवाज हॉलभर गेला.

काकूंची मुलगी टेबलापाशी होमवर्क करत होती. ती पेन्सिल ठेवून आली, थोडा वेळ माझ्या खांद्यावरून बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, शी सिंगिंग ऑर क्रायिंग?"

 तो आवाज मी ऐकलेला होता.

आमचं गाव तासगावच्या बाजूला. वडील मी लहान असतानाच गेले. आई बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची. शेडमध्ये बायका ओळीनं बसून बेदाणा निवडतात. काड्या बाजूला, काळा पडलेला बाजूला, लांब हिरवा वेगळा, गोल पिवळा वेगळा. संध्याकाळी आई घरी आली की तिच्या साडीला गंधकाच्या धुरीचा वास यायचा आणि पदराच्या टोकाला एक बारीक गाठ असायची. गाठीत चार-पाच दाणे. फार मोठे, एकसारखे. निवडता निवडता तिनं ते माझ्यासाठी काढलेले असायचे. भावाला वाईट वाटू नये म्हणून मी ते मोरीत उभी राहून खायचे.

आमच्याकडे कुणी गेलं की बायका हेल काढून रडतात. ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे. नुसतं रडणं नसतं ते, गेलेल्या माणसाशी चालीत बोलणं असतं. तू अशी होतीस, तू असं करायचीस, अमक्या वर्षी तुझ्यावर अशी वेळ आली आणि तू कुणाला सांगितलं नाहीस. एक बाई पुढे होते आणि एकेक ओळ सांगते. बाकीच्या ओळीच्या शेवटी "व्हय गं बाई" म्हणून तिला धरून ठेवतात. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्यात येतं, एरवी घरात कुणी न बोललेलंही येतं. परगावची लेक येणार असेल तर तिनं गल्लीच्या तोंडापासून रडत यायचं असतं. तो आवाज ऐकला की अंगणातल्या बायका उठतात आणि तिला गळ्यात घेतात. हे कुणी शिकवत नाही. लहानपणी मी आईबरोबर अशा अंगणांत बसलेली होते. कॉलेजला गेल्यावर बसायचं सोडलं होतं.

मी पोचले तेव्हा आईला नेऊन एक दिवस झाला होता. मुंबईला विमान, तिथून बस, शेवटी रिक्षा. गल्ली अरुंद म्हणून रिक्षा तोंडाशीच थांबली. मी उतरले आणि बॅग ओढत चालायला लागले. मला रडू येत नव्हतं. गल्लीत फक्त बॅगेच्या चाकांचा आवाज होता. अंगणात पंधरा-वीस बायका बसलेल्या होत्या, आणि सगळ्या गप्प होत्या. त्या माझ्या आवाजाची वाट बघत होत्या. आला तो चाकांचा.

मी दारात उभी राहिले. मागून कुणीतरी हळू म्हणालं, "शिकल्याली हाय. तिला कुठलं यायचं रडू." दुसरी म्हणाली, "गप बाय. इमानात बसून आलीया, शिणली आसंल." मग मावशीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, मला गळ्यात घेतलं आणि माझं काम तिनंच सुरू केलं. माझ्या कानाशीच तिचं तोंड होतं.

"पदराच्या गाठीत गोड आणायचीस गं, माजे बाई, लेकीच्या नावाचं..."

एवढी एक ओळ मला आठवते. पुढे ती खूप वेळ म्हणत होती. बाकीच्या बायका धरत होत्या. माझा खांदा ओला झाला होता, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी. माझं सगळं लक्ष माझ्या स्वतःच्या डोळ्यांकडे होतं. आता येईल, आता येईल, सगळ्या बघताहेत, आता तरी यायला हवं. आलं नाही. बाराव्यापर्यंत आलं नाही. सिंगापूरला परत आले, लॅबमध्ये जायला लागले, तरी आलं नाही.

म्हणून तो व्हिडिओ संपल्यावर मला जे वाटलं ते काकूंच्या कामाचं नव्हतं. मला वाटलं, असा आवाज समोर बसून ऐकला, एका खोलीत, तर कदाचित माझंही सुटेल. ही इच्छा मी कुणाला सांगितली नाही. ऐकायला बरी वाटत नव्हती. आपल्या अंगणातलं ऐकून जे झालं नाही ते दुसऱ्या देशाचं ऐकून कसं होणार, असं कुणीही विचारलं असतं. मीही विचारत होते.

काकूंना मी सगळी माहिती दिली. त्या खूश झाल्या आणि म्हणाल्या, "मग आधी इथेच एकदा बघू या की. सिंगापुरात काय मिळत नाही?"

नदीकाठच्या एका स्पॅनिश रेस्टॉरंटमध्ये शुक्रवारी फ्लामेंको असतं असं कळलं. काका, काकू, मुलगी आणि मी गेलो. काकूंसाठी लिहून ठेवलेल्या माझ्या सगळ्या खुणा तिथे उलट्या होत्या. जेवण होतं, माईक होता, गिटार रेकॉर्डवर होतं आणि गाणारं कुणीच नव्हतं. एक मध्यमवयीन सिंगापुरी चिनी बाई लाल झग्यात नाचली. ती चांगली नाचत असावी. पण वेटर तिच्या समोरून कोळंबीच्या थाळ्या घेऊन जात होते आणि मध्येच कुणाचा तरी वाढदिवस निघाला, तर त्या माणसाला तिच्याबरोबर उभं करून फोटो काढले. सगळे टाळ्या वाजवत होते. काकूही वाजवायला लागल्या, अगदी आपल्या आरतीच्या ठेक्यात, मन लावून.

मी म्हणाले, "काकू, टाळ्या वाजवायच्या नसतात."

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि हात मांडीवर घेतले. "काय गं कडक तुझं फ्लामेंको. गणपतीत तरी वाजवू देशील ना?"

काका हसले. मलाही हसू आलं. खूप दिवसांनी आलं होतं बहुतेक, कारण काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

निघताना ती नाचणारी बाई झगा बदलून, जीन्समध्ये, दाराशी पाणी पीत उभी होती. मला अनोळखी माणसाशी बोलायला फार वेळ लागतो. पण नाचणाऱ्यांनाच विचारा, हे मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं की ते मला नियमासारखं वाटत होतं. मी जवळ जाऊन विचारलं, "यात गाणं नसतं का?"

तिनं मला एकदा नीट बघितलं. "असतं. पण इथे लोक जेवायला येतात ना. जेवताना कुणी असलं गाणं ऐकतं? घास उतरणार नाही." मग तिनं विचारलं, "तुला गाणं का हवंय? नाच शिकायचाय?"

"नाही. फक्त ऐकायचंय," मी म्हणाले. याहून जास्त माझ्याकडून सांगून झालं नाही. पण तिला तेवढं पुरलं असावं. ती दिवसा एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते आणि रविवारी नाच शिकवते, असं तिनं सांगितलं. पुढच्या रविवारी दुपारी क्लासमध्ये या, म्हणाली. दक्षिण स्पेनमधली एक गाणारी बाई तिच्याकडे थोडे दिवस राहायला आली होती. तिकीट नाही, जाहिरात नाही. क्लासचे लोक बसतात, ती गाते.

"आणि काही खायला आण," ती म्हणाली. "सगळे आणतात."

काकूंना यायचं होतं, पण रविवारी मुलीचं स्विमिंग होतं. त्यांनी मला थालीपिठं करून डब्यात दिली. मी एकटीच निघाले. क्लास सेम्बावांगच्या बाजूला होता, टॅम्पिनीसहून जवळजवळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मी डबा मांडीवर धरून बसले होते. एखाद्या मयताला निघाल्यासारखं वाटत होतं. उशीर झालेल्या मयताला.

कारखान्यांच्या गाळ्यांची एक जुनी इमारत होती. मालाच्या लिफ्टनं वर जायचं. एका गाळ्यात आरसे, खाली लाकडी फळ्या, कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दहा-बारा माणसं असतील, बहुतेक सिंगापुरी, वेगवेगळ्या वयांची. त्या गाणाऱ्या बाईला मी आधी ओळखलंच नाही. ती खिडकीपाशी बसून, सिंगापुरात विकतात तसा, प्लॅस्टिकच्या पिशवीतून नळीनं थंड चहा पीत होती. जाडसर, साठीच्या पुढची, सुजलेल्या पायांत सपाट चपला. बाजाराला निघालेली कुणाची तरी आत्या वाटावी अशी.

नाचणाऱ्या बाईंनी, म्हणजे क्लासच्या बाईंनी, मला आपल्या शेजारी बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "टाळी वाजवू नको. पण चर्चमध्ये बसल्यासारखीही बसू नको. आतून काही आलं तर बोल. समोरून काहीच आलं नाही तर गाणाऱ्याला एकटं पडल्यासारखं होतं."

मी मान हलवली. पण ते वाक्य माझ्या मनात अडकून बसलं. अंगणातल्या बायका गप्प बसल्या होत्या त्या माझ्यासाठी, हे मला माहीत होतं. मावशीनं तोंड उघडल्यावर मी गप्प होते, याचा विचार मी केला नव्हता.

आधी थोडा वेळ गिटार झालं, दोघीजणी नाचल्या, हसणं झालं. मग गिटारवाला बाजूला झाला. बाई मला म्हणाल्या, "आता हे जुनं. याला वाद्य नाही." त्या गाणाऱ्या बाईनं खुर्ची टेबलाजवळ ओढली, मूठ वळली आणि बोटांच्या सांध्यांनी टेबलावर ठोका धरला. खोलीतलं बोलणं थांबलं. खाली रस्त्यावरून एक लॉरी गेली, तीही ऐकू आली.

तिनं सुरू केलं तेव्हा शब्द नव्हते, नुसता आवाज होता, खालून वर ओढत नेलेला, मध्ये फुटणारा. नंतर शब्द आले. मला स्पॅनिश येत नाही. पण ती कुणाला तरी काही सांगत होती, आणि ते माणूस तिथे नव्हतं, एवढं कळत होतं. एक ओळ संपली की ती थांबायची, टेबलावर ठोका चालू, आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी हळूच एखादा शब्द टाकायचं. तो शब्द तिच्यापर्यंत गेलेला दिसायचा. तिचा खांदा थोडा सैल व्हायचा. मग ती पुढची ओळ उचलायची.

तिसऱ्या की चौथ्या ओळीनंतर ती थांबली आणि कुणीच काही बोललं नाही. जागा रिकामी राहिली. आणि माझ्या तोंडून निघालं, "आई गं."

मोठ्यानं नाही. पण खोली लहान होती. मला वाटलं सगळे वळून बघतील. कुणी बघितलं नाही. त्या बाईनं डोळे मिटलेलेच ठेवले, फक्त तिचा उघडा हात माझ्या दिशेला थोडा वळला, आणि ती पुढे गात राहिली.

तेव्हा मला रडू येईल असं वाटलं.  मी वाट बघितली. आणि वाट बघायला लागले तिथेच ते थांबलं, अंगणात थांबलं होतं तसंच.

गाणं संपल्यावर सगळ्यांनी डबे उघडले. त्या गाणाऱ्या बाईनं थालीपीठ हातात घेऊन वास घेतला, मोडलं, खाल्लं, आणखी एक घेतलं. मग ती माझ्याकडे बघून बाईंना काही म्हणाली. बाईंनी इंग्रजीत सांगितलं, "ती विचारते, तुमच्याकडे असं गातात का?"

"गातात," मी म्हणाले. "म्हणजे गाणं म्हणत नाहीत त्याला. कुणी गेलं की बायका म्हणतात."

बाईंनी ते सांगितलं. गाणाऱ्या बाईनं डोकं हलवलं, तिला त्यात काही नवल वाटलं नाही. तिनं हात पुसले, आपल्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी सरकवली आणि दोनच शब्द बोलली.

"थोडं म्हण, म्हणतेय," बाई म्हणाल्या. "इथे सगळेच म्हणतात काही ना काही. आवाजाचं टेन्शन घेऊ नको."

सगळे माझ्याकडे बघत होते, अगदी चांगल्या मनानं. मी त्या खुर्चीवर जाऊन बसले. मला खरंच म्हणायचं होतं. परक्या लोकांसमोर, कुणी ओळखीचं नाही, शिकलेली आहे म्हणून बघणारं कुणी नाही. मी आठवायला लागले आणि माझ्याजवळ ती एकच ओळ होती. पदराच्या गाठीत गोड आणायचीस गं. त्याच्यापुढे काय होतं? मावशी इतका वेळ म्हणत होती. आईचं लग्न होतं त्यात, वडिलांचं आजारपण असेल, शेडमधलं काही असेल, मला कधीच न सांगितलेलं काही असेल. माझ्या कानाशी तोंड लावून म्हणत होती. आणि मी त्यातलं काही घेतलं नव्हतं. आई कोण होती हे एकदाच कुणीतरी पूर्ण सांगितलं, आणि तेव्हा मी माझे डोळे ओले होतात का ते बघत होते.

"मला येत नाही," मी म्हणाले.

बाईंनी भाषांतर करायच्या आधीच त्या गाणाऱ्या बाईला कळलं. तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि गिटारवाल्याला खूण केली. परत हसणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून लवकर निघून मी मावशीला फोन केला. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं असतात, तिथे बसले. मावशीनं आधी जेवलीस का, तिकडं ऊन हाय का, आवाज का बारीक येतोय, सगळं विचारलं. मग मी म्हणाले, "मावशी, आई गेली तेव्हा तू अंगणात म्हणत होतीस ना, ते मला सांगशील?"

"काय म्हणत होते?"

"ते रडताना. आईचं सगळं सांगत होतीस ते."

 "आगं, ते काय पाठ असतंय व्हय? तोंडाला आलं ते म्हटलं. मला काय ठावं."

"थोडं तरी आठवत असेल. फोनवर म्हण ना. मी लिहून घेते."

"खुळी का काय तू," ती म्हणाली. "असं उगच म्हणत्यात व्हय? भरल्या घरात? सून बाळंत होऊन आलीया, पाळणा हाय घरात. मरणाबिगर असं रडू न्हाई, बाय. कुणाचं तरी वाईट होतं."

मला हे माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे मयत नसताना तो हेल कुणी काढत नाही, चेष्टेतसुद्धा नाही. मी म्हणाले, "बरं. मग दुसऱ्या कुणाला आठवत असेल का? ज्या बसल्या होत्या त्यांच्यातल्या?"

"कुणाला आठवंल? ते तिथंच ऱ्हातं." मग ती म्हणाली, "तू हुतीस की गळ्यात. तू न्हाई ऐकलंस?"



"एक ओळ ऐकली," मी म्हणाले. "पदराच्या गाठीत गोड आणायची, ते."

"म्हटलं आसंल. आणायचीच की ती." मावशीचा आवाज आता नेहमीचा होता, नुसतं बोलण्याचा. "मी तिच्याच वळीला बसायचे न्हवं का. एखादं लांब, गरगरीत आलं की मला दाखवायची. म्हणायची, ह्ये बघ, ह्ये काय यापाऱ्याला द्यायचं व्हय? मुकादम फिरत आला की पदराखाली. आन मग सांजच्याला घराकडं येताना सगळ्या वाटंनं ती गाठ मुठीत धरून यायची गं माजी बाई, उनातानाची, लेकीच्या नावाचं..."

तिचा आवाज बदलला होता. शेवटचे शब्द ती बोलली नव्हती, तिनं ते ओढले होते. ती चाल आली होती.  एकही शब्द सुटू नये म्हणून मी फोन कानाशी घट्ट दाबला. ओळ संपून तिथे जागा रिकामी झाली, आणि यावेळी ती जागा कशासाठी आहे हे मला माहीत होतं.

"व्हय गं मावशी," मी म्हणाले.

पलीकडून एक हुंदका आला. मागे तान्हं बाळ किरकिरलं. मावशी लगेच भानावर आली.

"नगं बाय," ती म्हणाली. "नगं. लेकरू उठलं." आणि फोन ठेवला.

मी तिथेच बसून राहिले. शाळेतून आलेली मुलं सायकली घेऊन जात होती. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे बुद्धिबळासारखं काही खेळत होते, त्यांच्यातल्या एकानं माझ्याकडे बघितलं, मग खिशातून टिश्यूचं पाकीट काढून माझ्या टेबलाच्या कडेला ठेवलं आणि परत आपल्या खेळाकडे वळला. त्यानं पाकीट का ठेवलं ते मला आधी कळलं नाही. मग मी गालाला हात लावला.

काकू जूनमध्ये स्पेनला जाऊन आल्या. मी शोधून दिलेल्या खोलीत त्यांनी फ्लामेंको ऐकलं, टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मुलगी अर्ध्यात झोपली. मावशीला मी ते परत कधी म्हणायला सांगितलं नाही. आता माझ्याजवळ दोन ओळी आहेत, अंगणातली एक आणि फोनवरची एक. बाकीच्या सगळ्या गेल्या.